हाक मारल्याशिवाय येत नाही

"फुकट मिळतं म्हणून वापरता ना, काकू?"

मी लिनक्स वापरते हे कळलं की पहिला प्रश्न हाच येतो. त्याच्या मागोमाग दुसरा: "कॉम्प्युटर जुना आहे का तुमचा?" दोन्हींचं उत्तर 'हो' असंच आहे. माझा लॅपटॉप २०१४ सालचा, चार जीबी रॅमचा, आणि त्यावर चालणाऱ्या लिनक्स मिंटच्या परवान्यापोटी मी कुणाला रुपया दिलेला नाही. तरी हे प्रश्न ऐकले की माझं डोकं फिरतं. रोज पहाटे कृष्णेच्या घाटावर चालायला जाणाऱ्या माणसाला 'पेट्रोल वाचतं म्हणून का हो?' असं कुणी विचारावं, तसलाच हा प्रकार. पेट्रोल वाचतंच. पण तेवढ्यासाठी कुणी पाचला उठत नाही.

गंमत अशी, की या सिस्टीमची बाजू घेणारेही तेच पेट्रोल मोजत बसतात. जुन्या मशीनला जीवदान, लायसनचा खर्च शून्य, सरकारचे इतके कोटी वाचले. गरिबाघरची सोय म्हणून ओळख करून दिली की समोरचाही तिच्याकडे सोय म्हणूनच बघतो आणि हातात चार पैसे आले की सोडून देतो. माझं मत सांगते. जुनं मशीन माणसाला या वाटेला लावतं, पण त्या वाटेवर तो रमतो त्याचं कारण निराळं असतं. समोर बसल्यावर हा कॉम्प्युटर आपल्याकडे काही मागत नाही. आपण बोलावलं तर येतो, काम करतो, आणि एरवी गप्प असतो. ज्यांना या गप्प बसण्याची चटक लागली, ते नवा कोरा लॅपटॉप घेतात तेव्हाही त्यावर हेच चढवतात. असे लोक मी बघितलेत.

मी प्रुफं वाचते. चाळीसेक वर्षं झाली. सुरुवात सांगलीतल्या एका छापखान्यात, खिळ्यांच्या जमान्यात केली. गॅली टेबलावर यायची आणि संध्याकाळपर्यंत बोटं काळी. आता घरी पीडीएफ येतात. कादंबऱ्या, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकाचे फर्मे, कुणाच्या पंचाहत्तरीची स्मरणिका. दिवसाचे सहा-सात तास डोळे पडद्यावर. या कामात लक्ष क्षणभर जरी हललं तरी 'दिन'चा 'दीन' होऊन समोरून निघून जातो, आणि मग तो थेट छापील पानावर भेटतो. त्यामुळे मी ओळीच्या मध्यावर असताना कोपऱ्यातून काहीतरी सरकत वर यावं, हे मला परवडणारं नाही. आज पाऊस पडेल. नवी सोय करून बघा. अमुक खातं जोडा. पाच वर्षांपूर्वी आजच्या दिवशी तुम्ही हा फोटो काढला होता. हल्लीच्या बहुतेक उपकरणांना ही खोड लागली आहे; फोनचं तर नावच काढू नका.

माझ्या पडद्यावर काय दिसतं ते सांगते. खाली एक पट्टी. त्यावर मेनू, उघडलेल्या फायली, घड्याळ, आणि एका कडेला ढालीच्या आकाराचं बारीक चिन्ह. सिस्टीमसाठी काही नवं आलं की त्या ढालीवर एक ठिपका उमटतो. एवढंच. ठिपका उमटतो आणि तिथेच बसून राहतो. हातातला फर्मा संपला की मी तिथे टिचकी मारते, काय काय आलंय त्याची यादी वाचते, पासवर्ड देते, आणि चहा होईपर्यंत काम उरकलेलं असतं. (आठवडेच्या आठवडे ठिपका तसाच ठेवणारेही आहेत. तसं करू नये, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.) मी सांगितल्याशिवाय मशीन आपणहून बंद होत नाही की सुरू होत नाही. कुणाला वाटेल, यात काय एवढं? कामाच्या ऐन घाईत आपल्याच टेबलावर बसायला दुसऱ्याची परवानगी मागावी लागली नाही, तर बरं वाटतं. एवढंच आहे त्यात.

मिंटचे तीन अवतार मिळतात. त्यातला सर्वांत हलका एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपवर चालतो, तो माझा. आत लिनक्सचं इंजिन तेच. वरचं टेबल, खण, दिवे कसे मांडायचे ते डेस्कटॉप ठरवतो. डावीकडे प्रूफ आणि उजवीकडे लेखकाची मूळ प्रत ठेवणं आता कुठल्याही सिस्टीमवर जमतं. पण शब्दकोशाचं काय करायचं? माझ्याकडे तो ब्राउझरच्या वेगळ्या खिडकीत उघडा असतो, शिकागो विद्यापीठाने जालावर ठेवलेला मोल्सवर्थ. त्या खिडकीच्या नावाच्या पट्टीवर माउस नेऊन चाक फिरवलं की खिडकी गुंडाळली जाते आणि नुसती पट्टी उरते. ती पट्टी प्रुफाच्या माथ्यावर ठेवून द्यायची. शंका आली, चाक उलटं फिरवलं, मोल्सवर्थ खाली उतरला. शंका फिटली, पुन्हा वर. दिवसातून पन्नास वेळा मी हे करते आणि दर वेळी मला त्यात बारीकसा आनंद होतो, हे लिहायला जरा लाज वाटते.

दुसरी गोष्ट ऑल्टची. ऑल्ट दाबून धरला की खिडकीला कुठेही पकडून सरकवता येतं, वरची ती अरुंद पट्टी नेमकी गाठावी लागत नाही. बोटांचे सांधे धरलेल्या माणसाला याचं मोल विचारा. कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबला की पूर्ण रिकामा दुसरा पडदा मिळतो. ईमेल आणि हिशेब मी तिकडे ढकलून ठेवते, म्हणजे वाचताना त्यांचं तोंड दिसत नाही. यातलं काहीच नवीन नाही. कितीतरी वर्षांपासून हे असंच आहे, आणि माझ्या लेखी तोच त्याचा गुण.

या एक्सएफसीईचा जन्मदाता ऑलिव्हिए फुर्दां. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या, महागड्या युनिक्स यंत्रांवर सीडीई नावाचा डेस्कटॉप असायचा. तशासारखं काहीतरी साधं लिनक्सवर असावं म्हणून त्याने हे सुरू केलं. त्याने ते रेड हॅट कंपनीकडे नेलं, त्यांनी घेतलं नाही; ज्या एक्सफॉर्म्स या सामग्रीवर त्याने ते उभं केलं होतं, ती तेव्हा खुली नव्हती. मग १९९९ साली त्याने सगळं पुन्हा खुल्या सामग्रीवर लिहून काढलं. पुढे हाच माणूस रेड हॅटमध्ये नोकरीला लागला. छापखान्यात आयुष्य काढल्यामुळे असेल, पण साभार परत आलेली संहिता नव्याने लिहून काढणारी माणसं मला फार आवडतात.

आता त्याची चाल बघा. एक्सएफसीईची ४.१२ ही आवृत्ती आली फेब्रुवारी २०१५ मध्ये. पुढची ४.१४ आली ऑगस्ट २०१९ मध्ये. मधे साडेचार वर्षं. एखाद्या कंपनीने असा उशीर केला असता तर भागधारकांनी सभा डोक्यावर घेतली असती. इथे करणारे मूठभर, बरेचसे फावल्या वेळात करणारे, आणि मागे तगादा लावणारं कुणी नाही. त्यानंतर आता दोन-दोन वर्षांनी आवृत्ती येते. डिसेंबर २०२०, डिसेंबर २०२२, डिसेंबर २०२४. आली तरी आपल्याला कळत नाही, कारण मेनू होता तिथेच असतो. हलकेपणा लोक रॅमच्या आकड्यात मोजतात. माझ्यासारखीला तो इथे जाणवतो. शिकलेलं पुन्हा शिकायला लागत नाही.

आणि हे केवळ साठी गाठलेल्या बाईचं कुरकुरणं आहे असं समजू नका. २०११ साली ग्नोम या मोठ्या डेस्कटॉपने आपला चेहरामोहरा साफ बदलला, तेव्हा वैतागून एक्सएफसीईकडे गेलेल्यांत खुद्द लिनस टोरवाल्ड्स होते. १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना ज्यांनी लिनक्सचं इंजिन लिहिलं, तेच. जुन्या ग्नोमपेक्षा हे एक पायरी खाली, पण नव्या ग्नोमपेक्षा कितीतरी वर, असं त्यांचं त्या वेळचं मत. पुढे ते ग्नोमकडे परत गेले. मी नाही गेले.

मराठीचं कसं, असा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. टायपिंगची सोय आतच असते, बाहेरून काही आणून बसवावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट जोडायचं. आणि तिथेच एक असा पर्याय आहे, की त्यासाठी मी या लोकांची ऋणी आहे: इंग्रजीतून मराठीत जायला कॅप्स लॉक वापरा. मराठीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे कॅप्स लॉक हे बटण आपल्या कीबोर्डवर नुसतं जागा अडवून बसलेलं असतं. ते मी कामाला लावलं. एकदा दाबलं की देवनागरी, पुन्हा दाबलं की रोमन. 'दुसऱ्या' लिहिताना तो अर्धा र हवा असतो. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेचं बटण, झालं. बोटं आता बघतही नाहीत.

फॉन्टही खुल्या परवान्यात इतके झालेत की निवडताना गोंधळ उडावा. रेड हॅटने सोडलेला लोहित, मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, आयआयटी मुंबईतला शोभिका. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमली, की ज्या फॉन्टांत दोन्ही वळणं भरलेली आहेत तिथे 'ल' आणि 'श' आपोआप आपल्या वळणाचे होतात, हिंदी वळणाचे राहत नाहीत. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. एका मसुद्याची भाषा बदलली आणि पानभर 'ल' बदलले, तेव्हा दिसलं. शुद्धलेखन तपासणी मात्र म्हणाल तर अजून सांगण्याजोगी नाही. सामासिक शब्द आला की ती लाल रेघ ओढत सुटते. माझी रोजी त्यामुळेच टिकून आहे म्हणा.

खुलं आहे म्हणजे आपोआप सज्जन आहे, असा भाबडा समज मात्र मी करून घेतलेला नाही. उबुंटू हे लिनक्सच्या घराण्यातलं सर्वांत नावाजलेलं नाव. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या त्याच्या १२.१० आवृत्तीत अशी सोय झाली, की आपण आपल्याच कॉम्प्युटरवर फाइल शोधायला शब्द टाकावा आणि फायलींच्या शेजारी ॲमेझॉनवरचा माल दिसावा. बोंब झाली. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी तर त्याला उघडउघड हेरगिरी म्हटलं. २०१६ च्या १६.०४ आवृत्तीत ते मुळातून बंद ठेवलं गेलं. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं ते मधल्या साडेतीन वर्षांत घडलं. ज्यांना नको होतं त्यांनी तो भाग काढून टाकला, आणि ज्यांना काढत बसायचं नव्हतं ते त्याच घराण्यातल्या दुसऱ्या सिस्टीमवर गेले. मिंट हीसुद्धा उबुंटूवरच बेतलेली, २००६ साली क्लेमां लफेव्र यांनी सुरू केलेली. घर न सोडता खोली बदलता येते. असं असलं की मालकाला फार मस्ती करता येत नाही.

आणखी एक कबूल करायला हवं. या हलकेपणाचं जे कौतुक चालतं, त्यातलं निम्मं ब्राउझर उघडेपर्यंतच खरं. माझं मशीन सुरू झाल्यावर, काही न उघडता, एक जीबीच्या आतच रॅम घेतं. त्यावर लिब्रेऑफिस आणि पीडीएफ मजेत चालतं. मग फायरफॉक्स उघडायचा, बँक, ईमेल, व्हॉट्सॲप वेब, दोन वर्तमानपत्रं, आणि बघता बघता तेवढीच रॅम आणखी गेली. पंखा बोलायला लागतो. सिस्टीम कितीही सडपातळ असू द्या, जालावरची पानं फुगलेली असतील तर ती काय करणार? एका बातमीच्या पानामागे जाहिरातींचा केवढा लवाजमा उतरतो, ते चार जीबीच्या मशीनवर फार लवकर कळतं. म्हणून 'जुनं मशीन नव्यासारखं पळतं' या जाहिरातीवर माझा विश्वास नाही. रॅम वाढवून घ्या आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, हा आमच्या दुरुस्तीवाल्या दादांचा सल्ला मी मानला होता, आणि वेगाचं निम्मं श्रेय त्या एसएसडीचं आहे.

या दादांचं आणि माझं एक जुनं भांडण आहे. ते गिऱ्हाईकाला सांगतात, "यात व्हायरस येत नाही." मी म्हणते, असं सांगू नका. घरगुती लिनक्सवर नेम धरून फार कुणी बसत नाही हे खरं. पण बँकेच्या नावाने आलेली खोटी लिंक ब्राउझरमध्ये उघडते, तिला खालची सिस्टीम कुठली याच्याशी देणंघेणं नसतं. ओटीपी सांगितला की पैसे गेले. "मग काय सांगू?" ते म्हणाले. मी म्हटलं, "शांत वाटतं असं सांगा." त्यावर दादा म्हणाले, "काकू, गिऱ्हाईकाला शांत वाटतं म्हटलं तर तो म्हणेल स्पीकर गेलाय."

सध्या त्यांच्याकडे रांग आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते, पण त्याशिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चीप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे कीबोर्ड धड, पडदा धड, बॅटरीही तासभर टिकते, असे लॅपटॉप एका तारखेने निवृत्त झाले. त्यांचे मालक दादांच्या दुकानात येतात. दादा पेन ड्राइव्ह लावतात, सुरू होताना एफ १२ दाबतात, आणि डिस्कला हात न लावता मिंट पडद्यावर येतं. बघा, वापरा, पेन ड्राइव्ह काढला की जसं होतं तसं. विकत घेण्याआधी साडी अंगावर टाकून बघण्याची मुभा आणखी कुठल्या सिस्टीमने दिलीय?

बॅरी कौलर नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी तर २००३ साली अख्खी पपी लिनक्स याच बेतावर रचली. सगळी सिस्टीम रॅममध्ये चढते. पपी हे नाव त्यांच्या कुत्र्यावरून.

हलकेपणाचं वेड याच्याही पुढे जातं. १९९०च्या दशकात बीओएस नावाची एक फार चपळ सिस्टीम होती. १९९६ साली ॲपल ती घेणार अशी बोलणी चालली, पण ॲपलने नेक्स्ट घेतली आणि त्यासोबत स्टीव्ह जॉब्ज परत आले. २००१ मध्ये ती बनवणाऱ्या बी कंपनीची मालमत्ता पाम कंपनीने विकत घेतली आणि बीओएस संपली. तिच्या चाहत्यांनी त्याच वर्षी ठरवलं, की आपण ती पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायची. या सिस्टीमचं नाव हायकू. मूळ बीओएसचा ब्राउझर चूक झाली की हायकूतून सांगायचा, त्यावरून हे नाव आलं. (शिरीष पैंच्या हायकूंची प्रुफं वाचायला मिळावीत अशी माझी फार इच्छा होती, तीन ओळींत चूक लपायला जागा नसते.) या हायकूची पहिली बीटा यायला सप्टेंबर २०१८ उजाडलं. सतरा वर्षं. अजूनही ती बीटाच आहे. मी ती पेन ड्राइव्हवरून उघडून बघितली. खिडक्यांना वहीच्या खुणेसारखे पिवळे टॅब आणि टिचकी मारायच्या आत उघडणारे फोल्डर. रोजचं काम मी त्यावर करणार नाही. पण ज्यांनी ती लिहिली त्यांनी ती पैसे वाचवायला लिहिली, असं कुणी म्हणू धजेल का?

म्हणून मला केरळचं उदाहरण नेहमी अर्धवट सांगितलं जातं असं वाटतं. तिथल्या सरकारी शाळांत उबुंटूवर बेतलेली, त्यांच्या काइट या संस्थेने तयार केलेली सिस्टीम वर्षानुवर्षं चालते. आपल्याकडे भाषणांत त्याचा उल्लेख येतो तो लायसनचे कोट्यवधी वाचले म्हणून. हिशेब ठीकच आहे. पण त्या पोरांनी ज्या मशीनवर हात बसवला, तिथे कोपऱ्यातून काही विकायला येत नव्हतं, हे कुणाच्या भाषणात येत नाही. आपल्या शाळांच्या संगणक कक्षात फाइल, फोल्डर, कीबोर्ड शिकवायचे असतात. ते शिकवताना मेनू कुठल्या कंपनीचा हे महत्त्वाचं नसावं, आणि मुलांनी निदान एक असं मशीन बघावं जे त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघत नाही. यासाठी वेगळा निधी लागत नाही. बंद पडलेले पाच कॉम्प्युटर आणि एक हौशी मास्तर लागतो, आणि दोन्ही आपल्याकडे आहेत.

सगळ्यांनी यावं असं मात्र मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत डीटीपी करणाऱ्या ताई आहेत. त्यांचं सगळं श्रीलिपी, कोरल आणि इनडिझाइनवर. त्यांना मी लिनक्सचा ल सुद्धा ऐकवलेला नाही. स्क्रायबस ही खुली पानं लावायची सोय आहे, २०२४ च्या १.६ आवृत्तीपासून देवनागरीही नीट जुळवते. पण मालक दुपारी चारला जाहिरात बदलून मागतो तेव्हा हाताला सवयीचं हत्यारच लागतं. त्यांच्याकडून मला पीडीएफ येते, फॉन्ट पीडीएफच्या पोटातच असतो, त्यामुळे माझ्याकडे ती जशीच्या तशी दिसते. त्यातला शब्द उचलून दुसरीकडे टाकला की रोमन अक्षरांची खिचडी होते, आणि शोध चालत नाही. पण ते कुठल्याही सिस्टीमवर तसंच. लेखकाने जुन्या फॉन्टातली नुसती वर्ड फाइल धाडली तर मी परत पाठवते आणि युनिकोड मागते. हिशेबनीस मैत्रिणीने विचारलं, "टॅली चालेल का गं?" नाही म्हटलं, आणि तिथेच विषय मिटला.

विचारायला येणाऱ्यांना मी आधी एवढंच विचारते: गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरवर काय काय उघडलंत? यादी टॅलीची किंवा कोरलची निघाली तर चहा देऊन पाठवते. ब्राउझर, पत्रं, पीडीएफ, मुलीशी व्हिडिओ कॉल, जुनी गाणी एवढंच निघालं तर पेन ड्राइव्ह देते. सोबत दोन सूचना. प्रिंटर आधी तपासा, जुन्या काही प्रिंटरांचं याच्याशी अजिबात जमत नाही. आणि आठ दिवसांनी पेन ड्राइव्ह परत आणून द्या, माझ्याकडे एकच आहे.